भडक्याचा नवा चष्मा

कान माझा कापला आणि चिडला तो.

भडक्याच्या सलूनमध्ये हे असंच चालायचं. गिऱ्हाईक शिंकलं तर तो चिडायचा, आणि नाही शिंकलं तर ‘आता शिंकशील, ओळखतो मी तुला’ म्हणून आधीच चिडून घ्यायचा. मागं सगळे त्याला भडका म्हणायचे, तोंडावर मालक. आवाज असा, की तो ओरडला की बोळातल्या घड्याळवाल्याकडची बंद घड्याळं आपोआप चालू व्हायची. खोटं वाटत असेल तर घड्याळवाल्याला विचारा. दुरुस्तीचे पैसे मात्र तो पूर्ण घ्यायचा.

एवढ्या शिव्या खाऊनही लोक त्याच्याकडं यायचे ते दाढीसाठी. दाराजवळची पहिली खुर्ची त्याची. त्या खुर्चीत डोकं मागं टाकून डोळे मिटले की वस्तरा कधी फिरला ते कळायचं नाही. उठल्यावर गाल असा, की माशी बसली तर घसरून कॉलरमध्ये पडावी. मी स्वतः पडताना पाहिली आहे.

पण नवा चष्मा आला आणि काय झालं कोण जाणे. आधी एकाची हनुवटी. मग एकाचा गळा, तो थोडक्यात वाचला. तुरटीचा खडा विटेएवढा होता तो झिजून सुपारीएवढा झाला. आणि मग माझ्या कानाची पाळी.

‘‘हललास!’’ भडका ओरडला.

‘‘मी? मी श्वाससुद्धा रोखून धरलाय!’’

‘‘मग श्वास कशाला रोखलास? श्वास रोखला की कान पुढं येतात!’’

शेजारच्या खुर्चीवर त्याची लेक कुणाचे तरी केस कापत होती. तिनं कात्री खाली ठेवली, बापाजवळ आली, त्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला, मिटला आणि आपल्या एप्रनच्या खिशात टाकला.  

‘‘दे इकडं,’’ भडका म्हणाला.

‘‘नाही. बाबा, बास झालं. तुम्हाला दिसत नाही.’’

‘‘मला दिसत नाही? मला?’’

‘‘काकांचा कान कुठंय?’’

‘‘आहे की तिथंच. जरासा कमी आहे, एवढंच.’’

मी कापूस कानावर दाबून आरशात पाहिलं. फार नव्हता कमी. पण आपला कान म्हटला की थोडाही फार वाटतो.

लेक म्हणाली, ‘‘कात्री वापरा, मशीन वापरा. नीट दिसायला लागेपर्यंत वस्तरा मिळायचा नाही. आणि दिसणारच नसेल तर तसं सांगा, पहिल्या खुर्चीवर मी उभी राहते.’’

पहिल्या खुर्चीचं नाव निघालं आणि भडक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथून त्या आगीला बाहेर पडायला जागा हवी होती. लेकीवर ओरडावं तर ती बापाचीच लेक, उलट दुप्पट ओरडली असती. माझ्यावर ओरडावं तर माझं रक्त वाहत होतं. त्यानं नाकावरचा चष्मा ओढून काढला आणि मुठीत धरला.

‘‘ह्याच्यात खोट आहे! मी काय आंधळा झालोय? त्या बाईनं काच चुकीची घातली. चल रे, तू साक्षीदार. कापूस काढ कानावरचा, तिला रक्त दिसू दे.’’

‘‘कापूस राहू दे,’’ मी म्हणालो.

‘‘मग निदान कण्हत तरी चल!’’

चष्मेवालीचं दुकान बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. मोठ्या काचांचं, एकसारख्या कपड्यातली पोरं उभी असतात तसलं ते दुकान नव्हे. एकटीचं दुकान. पुढं भिंतीला फ्रेमा, टेबलावर बारीक स्क्रूंची डबी, फ्रेमची काडी गरम करून वाकवायची छोटी शेगडी, आणि पडद्यामागं काच घासायचं मशीन. काच ती स्वतः घासायची. डोळे तपासायची खोली इतकी आखूड, की अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागं उलटा टांगलेला आणि तो समोरच्या आरशात बघून वाचायचा. पहिल्या वेळी भडका तिथं बसला तेव्हा अक्षरं वाचायची सोडून ‘आरसा तिरका लागलाय’ म्हणून अर्धा तास भांडला होता. शेवटी आरसा सरळ करून दिला तेव्हाच अक्षरं वाचली. बाईही काही गरीब गाय नव्हती. तिच्या तोंडाला तोंड देणं म्हणजे फिरत्या पंख्यात बोट घालणं.

भडक्यानं चष्मा टेबलावर आपटला. काचा खाली करून.

‘‘उलटा ठेवा,’’ बाई म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘चष्मा. काचा वर. टेबलावर काचा घासतात.’’

‘‘माझ्या मित्राचा कान गेला आणि तुम्हाला काचांची पडलीय!’’

मी कण्हलो. बाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं चष्मा उचलला, दिव्याखाली धरला, आणि तिचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला. आधी कान, मग गाल, मग नाकाचा शेंडा.

‘‘मालक,’’ ती म्हणाली, ‘‘हा चष्मा तुम्ही कशानं पुसता?’’

‘‘ज्यानं सगळे पुसतात.’’

‘‘करून दाखवा.’’

भडक्यानं खांद्यावरचा टॉवेल ओढला. हा टॉवेल सकाळपासून चार-पाच मानांवरून फिरलेला, बारीक कापलेल्या केसांनी भरलेला. खिशातून वस्तऱ्यावर मारायच्या स्पिरिटची बाटली काढली, दोन्ही काचांवर फुसफुस मारलं आणि टॉवेलनं असं घासलं, जसा काही कढईचा काळा तळ निघणार आहे.

‘‘आणि वाफ धरली की मग ड्रायर,’’ तो अभिमानानं म्हणाला. ‘‘गरमवर. क्षणात कोरडा.’’

बाई स्टुलावर बसली. मला वाटलं, हिला पाणी द्यावं.

‘‘स्पिरिट,’’ ती म्हणाली. ‘‘केसांचा टॉवेल. आणि ड्रायर. गरमवर.’’ मग उठली, आणि जी सुटली ती सुटलीच. ‘‘अहो, तो चष्मा आहे का परात आहे? ह्या काचेवर मी थर चढवून आणलाय, तो उन्हाळ्यातल्या चिखलासारखा तडकलाय! बघा, जाळी झालीय कोळ्याची! केसाच्या टोकानं ओरखडे पडतात हे तुम्हाला माहीत नाही? तुम्हाला? दिवसभर केसांत उभे असता! ह्यापेक्षा रस्त्यात टाकून वरून गाडी नेली असती तर काच सुखानं मेली असती!’’

‘‘ओरखडे आत्ताचे!’’ भडका तिच्यावर आवाज चढवून म्हणाला. ‘‘पण मला पहिल्या दिवसापासून दिसत नव्हतं, पहिल्या! तेव्हा काच नवी होती. तेव्हा कुठं होता ड्रायर?’’

‘‘पहिल्या दिवशी पेपर वाचून दाखवलात तुम्ही मला इथं. भविष्याचा रकाना. घडाघडा.’’

‘‘पेपर दिसतो की!’’

‘‘मग काय दिसत नाही?’’

‘‘मान दिसत नाही!’’

‘‘कुणाची मान?’’

‘‘गिऱ्हाइकाची! मान, हनुवटी, कान, सगळं! कापूस घातल्यासारखं दिसतं!’’

बाईनं पहिल्यांदा माझ्या कानाकडं पाहिलं. मग त्याच्याकडं. तिचा आवाज खाली आला, आणि खाली आलेला तो आवाज जास्त भीतीदायक होता.

‘‘मी विचारलं होतं तुम्हाला. चष्मा कशासाठी हवा? तुम्ही म्हणालात, पेपर वाचायला.’’

आता भडका आणि पेपर! सलूनमध्ये पेपर यायचा तो त्याला एकाच कामाला लागायचा, फाडून वस्तऱ्यावरचा फेस पुसायला. बातमी म्हणून त्यानं आयुष्यात काही वाचलं असेल तर फेसाखालून डोकावणारे दोन शब्द.

‘‘मग काय सांगणार होतो?’’ तो उसळला. ‘‘माझ्या वस्तऱ्यापुढचं मला दिसत नाही, असं? तुमच्या त्या बाकड्यावर तीन माणसं बसली होती तेव्हा. त्यातली दोन माझी गिऱ्हाइकं! उद्या सकाळी खुर्चीत कुणी बसलं असतं का?’’

‘‘म्हणून थाप मारलीत? डोळ्यांच्या बाबतीत? मला?’’

‘‘तुम्हाला कळायला नको? माझ्या खिशात कंगवा, अंगाला साबणाचा वास. मी काय मास्तर दिसतो?’’

 बाईनं स्क्रूची डबी उचलून दुसरीकडं आपटली. तिला आता स्वतःचाच राग आला होता, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट. कारण काम चुकलं होतं ते तिचंही. तिनं दोन भागांची काच दिली होती, वरचा भाग लांबचं बघायला, खालचा जवळचं. खुर्चीत बसून पेपर धरणारा माणूस मान सरळ ठेवतो आणि नजर खाली सोडतो, त्याला खालचा भाग बरोबर मिळतो. पण भडका उभा राहून काम करणारा.

‘‘दाखवा,’’ ती म्हणाली. ‘‘दाढी करताना उभे कसे राहता. ह्यांना बसवा त्या स्टुलावर.’’

मला बसवलं. भडका माझ्यावर वाकला, हनुवटी छातीला टेकवून, आख्खं डोकं खाली घालून, जसा काही माझ्या गालात विहीर आहे आणि तो तिचा तळ बघतोय.

‘‘मान सरळ ठेवा.’’

‘‘मान सरळ ठेवून दाढी कुणाची करू, छताची?’’

‘‘अहो, असं डोकं घातलं की तुम्ही वरच्या भागातून बघता! लांबच्या! खालच्या भागातून तुम्हाला फक्त स्वतःचं पोट दिसत असणार!’’

‘‘ते दिसतं,’’ भडका म्हणाला. ‘‘अगदी स्वच्छ.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आपलं दुकान बंद करून सलूनमध्ये आली. मोजपट्टी घेऊन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मला पुन्हा खुर्चीत घातलं. माझ्यावाचून त्या दोघांचं जमतच नव्हतं, दोघांच्या मध्ये काहीतरी मऊ लागायचं. लेकीनं वस्तरा मापापुरताही दिला नाही, म्हणून भडक्यानं कंगवा धरला. बाईनं त्याच्या डोळ्यापासून माझ्या गालापर्यंत माप घेतलं, गळ्यापर्यंत घेतलं, मानेमागं घेतलं. तो वाकला की ती वाकायची, तो सरकला की ती सरकायची. सगळा वेळ भांडण चालूच.

‘‘हलू नका.’’

‘‘हा माझा धंदा आहे, मी हलणार!’’

‘‘मग माझ्या धंद्याला हात लावू नका! ही नवी काच एकाच नंबरची, फक्त एवढ्याच अंतराची. ती घालून रस्ता ओलांडलात तर गाडीखाली जाल, आणि वर मला नावं ठेवाल.’’

‘‘गाडीखाली गेल्यावर नावं कशी ठेवीन?’’

‘‘तुम्ही ठेवाल. तुमचा भरवसा नाही.’’

लेक कोपऱ्यात खुर्ची पुसत उभी होती. हसली नाही. एप्रनच्या खिशावर तिचा हात होता.

चष्मा तयार झाला त्या सकाळी बाई तो स्वतः घेऊन आली. असली वस्तू ती भडक्याच्या हाती एकटी सोडणार नव्हती. आधी त्याला बेसिनपाशी नेलं आणि नळ सोडला.

‘‘बघा. आधी पाण्याखाली धरायचा. केस, धूळ, सगळं वाहून जाऊ दे. मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटानं. पुन्हा पाणी. मग हे फडकं, आणि हे फडकं फक्त चष्म्याचं. ह्यानं जर तुम्ही कुणाची मान पुसलीत ना मालक, तर मी तुमच्या वस्तऱ्यानं पेन्सिली तासीन. स्पिरिट नाही. ड्रायर नाही. काढताना दोन्ही हातांनी, नाहीतर काडी फाकते. डोक्यावर चढवायचा नाही. काम झालं की डबीत.’’

‘‘रात्री अंगाईही म्हणू का त्याला?’’

‘‘म्हणा. पण लांबून. तुमच्या आवाजानं काच तडकेल.’’

भडक्यानं चष्मा घातला. वाकून माझ्याकडं बघितलं. आणि पुन्हा बघितलं. मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखतो, पण ओरडण्याआधी त्याला विचार करावा लागलेला मी पाहिला नव्हता.

‘‘शी!’’ तो म्हणाला. ‘‘हे तुझ्या नाकात काय जंगल आहे? आणि हा कान असा होता? हा मी कापलाय? ह्याच्यावर कातडं वेडंवाकडं आलंय!’’ मग लेकीला जवळ ओढलं. ‘‘तुझे केस पांढरे कधी झाले? विचारलंस मला?’’ मग कंगव्याचे दात बघितले, बेसिनची कड बघितली, ब्रशचं बूड बघितलं, आणि जे जे हाताच्या अंतरात आलं त्याला त्यानं शिव्या दिल्या. ब्रशला तर अशा दिल्या की त्याचे केस ताठ उभे राहिले, आणि तो ब्रश गेली दहा वर्षं आडवा पडलेला होता. बाई हाताची घडी घालून उभी. तिच्या चेहऱ्यावर ते समाधान होतं, जे चिडक्या माणसांना फक्त दुसरा चिडला की मिळतं.

‘‘दिसतंय?’’ लेकीनं विचारलं.

‘‘सगळं दिसतंय! दे.’’

तिनं शब्द दिला होता. तिनं खिशातून वस्तरा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

खुर्चीत कोण बसणार, हा प्रश्नच नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बसलो, डोकं मागं टाकलं. फेस झाला, गरम, दाट. नेहमी मी डोळे मिटतो. त्या दिवशी नाही मिटले. म्हणूनच हे सांगू शकतो.

भडक्यानं वस्तरा उघडला, हनुवटी छातीला टेकवली आणि वाकला. पातं माझ्या गालाजवळ आलं आणि थांबलं. तो बघत राहिला. पुन्हा मागं घेतलं. चष्मा नाकावर दाबला. पुन्हा आणलं.

‘‘बाई, ही काच हलते.’’

बाई पुढं आली. दोन्ही हातांनी चष्मा काढला, काड्या तपासल्या, स्क्रू आवळला, नाकावरचे पॅड जरासे दाबले, परत घातला. ‘‘बघा आता.’’

तो वाकला. मी वर बघत होतो. त्याच्या डोळ्यांसमोर, माझ्या गालापासून बोटभर वर, वस्तऱ्याचं टोक थरथरत होतं. फार नाही. खिडकीच्या काचेवर दुपारी माशी अंग हलवते ना, तेवढंच. त्याला इतके दिवस ते पातं धुरकट दिसत होतं, आणि धुरकट गोष्ट हलत असली तरी कळत नाही. आम्ही गिऱ्हाइकं डोळे मिटलेली. लेक आपल्या खुर्चीवर वाकलेली, बापाकडं पाठ करून.

‘‘अजून हलतेय!’’ तो ओरडला. ‘‘स्क्रू नीट आवळा! काय दुकान चालवता की चेष्टा करता? एक धड काच देता येत नाही तुम्हाला!’’

‘‘मालक, काच पक्की आहे,’’ बाई म्हणाली.

‘‘मग फ्रेम हलत असेल!’’

‘‘फ्रेमही नाही.’’

‘‘मग हा हलतोय! हा नालायक, ह्याला खुर्चीत धड बसता येत नाही!’’

 मी म्हणालो, ‘‘हो, मीच हललो.’’

ह्यावर तो माझ्यावर जो भडकला तसा कधीच भडकला नव्हता. ‘‘खोटं बोलतोस? माझ्या तोंडावर? गळ्यावर वस्तरा असताना? दगडासारखा बसलायस! मला दिसतंय ना, दगडासारखा!’’

‘‘बाबा,’’ लेक म्हणाली.

‘‘बाबा नको!’’

मग तो सरळ झाला. वस्तरा स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला, बरोबर त्या अंतरावर, ज्या अंतराचा चष्मा त्यानं भांडून करून घेतला होता. पात्यावरचा उजेड नाचत होता. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. उजेड नाचायचा थांबला नाही.

बाहेरून कुणीतरी आत डोकावलं, ‘दाढी आहे का?’ म्हणालं आणि आतल्यांची तोंडं बघून निघून गेलं.

‘‘बाई,’’ भडका म्हणाला, आणि त्याचा आवाज घड्याळवाल्यापर्यंतसुद्धा गेला नसता. ‘‘एवढं स्वच्छ कुणी मागितलं होतं तुमच्याकडं?’’

  बाईनं चष्म्याची रिकामी डबी टेबलावर ठेवली, फडक्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

माझ्या गालावरचा फेस वाळायला लागला होता आणि ओढत होता. भडक्यानं ते बघितलं. त्याला आता सगळंच दिसत होतं. त्यानं वस्तरा मिटला आणि लेकीकडं धरला, तिच्याकडं न बघता.

‘‘साबण वाळतोय ह्याचा. उभी काय राहिलीस?’’

ती जागची हलली नाही. तिनंच त्याच्याकडून वस्तरा काढून घेतला होता, तेव्हा तिचे हात चटकन पुढं झाले होते. आता होईनात.

‘‘घे म्हणतो ना! पहिली खुर्ची पाहिजे होती ना तुला? घे! ही घे!’’

‘‘मला अशी नको होती,’’ ती म्हणाली. तीही चिडली होती, डोळ्यांत पाणी आणून. ‘‘मला वाटलं, चष्म्याचंच आहे. देवाशपथ, मला चष्म्याचंच वाटलं होतं.’’

‘‘मलाही तेच वाटलं होतं. रडायचं नाही, दाढी करताना दिसत नाही. ब्रश घे. फेस पुन्हा कर.’’

तिनं डोळे बाहीला पुसले, फेस पुन्हा केला. वस्तरा उघडला आणि माझ्यावर वाकली. मी ह्या वेळी डोळे मिटणार होतो, पण तिच्या खांद्यावरून भडक्याचं तोंड इतकं जवळ आलं होतं, की मिटायची हिंमत झाली नाही. नवा चष्मा नाकावर, भुवया गाठीत.

‘‘कातडं ताण. बोटानं. अगं, ताण, कुरवाळतेस काय? पातं आडवं. एवढं आडवं नाही! कल्ल्याखाली राहिलं. मला दिसतंय, तिथं राहिलं.’’

‘‘बाबा, ओरडू नका, हात हलेल माझा.’’

भडका थांबला. तिच्या हाताकडं त्यानं चष्म्यातून बराच वेळ बघितलं.

‘‘हलत नाहीये,’’ तो रागानं म्हणाला. ‘‘चल, पुढं चल. आणि ह्याचा उजवा कान संभाळ, तेवढा एकच धड राहिलाय.’’